हजेरी, खाडा आणि तोरणमाळचा घाट

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या ऑफिसात एकदम शांतता पसरते. नवीन माणसाला वाटावं, काय ही मन लावून काम करणारी मंडळी! प्रत्यक्षात त्या वेळी सगळे मिळून खोटं लिहीत असतात. आठवड्याचं टाइमशीट भरायची ती वेळ.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी (मावशी, हे तुझ्यासाठी) थोडक्यात सांगतो. आठवडाभरात कुठल्या कामावर किती तास घालवले ते एका तक्त्यात लिहायचं. रोजचे आठ, आठवड्याचे चाळीस. बेरीज चाळीसच आली पाहिजे. आता कुठला माणूस रोज मोजून आठ तास काम करतो? सोमवारी दोन तास चहा आणि क्रिकेट यांत गेले, ते 'डॉक्युमेंटेशन' या सदरात जमा. आणि बुधवारी रात्री एक वाजेपर्यंत बसून जे निस्तरलं, ते कुठेच जमा नाही. कारण ग्राहकाला चाळीस तासांचंच बिल लावायचं ठरलेलं असतं.

पूर्वी एका कंपनीत असताना (नाव कशाला घ्या) मी एकदा भाबडेपणाने खरे आकडे लिहिले होते. सत्तावन्न तास. लगेच बोलावणं आलं. "असं लिहिलंस तर तुझं काम हळू चालतं असा अर्थ निघतो," असं अत्यंत प्रेमाने सांगण्यात आलं. मी चाळीस केले. पुढे दोनेक महिन्यांनी त्याच कंपनीने सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. विषय होता, कर्मचाऱ्यांनी टाइमशीटमध्ये खोटे तास लिहिणं ही चोरी कशी आहे. त्यात माझ्या सतरा तासांचा उल्लेख नव्हता. वर सूचना, की व्हिडिओ बघण्याचा वेळ 'प्रशिक्षण' या सदरात लिहावा. :)

हे सगळं मी २०२५ च्या मे महिन्यात शहाद्याला मामाच्या अंगणात खाटेवर पडून त्याला सांगत होतो. मला वाटलं, मामा हसेल. तो हसला, पण जरा वेगळंच. म्हणाला, "म्हणजे भाचेबुवा, तुम्हीपण मस्टर कारकूनच."

मामा एके काळी मस्टर कारकून होता हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या लेखी मामा म्हणजे किराणा दुकान. दुसऱ्या दिवशी पहाटे मामेभावाच्या गाडीतून तोरणमाळला जायचं ठरलं होतं. ज्या कामावर तो कारकून होता ते त्याच वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी होतं. "जाता जाता दाखवतो," म्हणाला. मग ते पाहिलं, ऐकलं, आणि पुण्याला परत आल्यावर महिनाभर मी याच विषयाचं मिळेल ते वाचत बसलो. त्यातलं काही इथे उतरवतोय. (मामाची परवानगी घेतली आहे, कुणी फोन करू नये.)

सुरुवात शब्दापासून. हजेरी हा मोठा विचित्र शब्द आहे. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा आपण 'हजर' म्हणतो. पण घरी 'बाबांनी चांगलीच हजेरी घेतली' म्हटलं की अर्थ एकदम पालटतो. वहीत नाव लिहिणं आणि झापणं या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि ते उगाच नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्यात ज्या जमातींची नावं गेली त्यांच्यातल्या माणसांना ठरल्या वेळी पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर जाऊन नाव नोंदवावं लागे. त्या प्रकाराचं नावच 'हजेरी'. काही केलेलं नसलं तरी तुम्ही इथे आहात हे रोज सिद्ध करायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली ही हजेरी बंद केली. म्हणजे ज्या वहीत आज पगारासाठी नाव असावं असं आपल्याला वाटतं, तशाच एका वहीतून नाव निघावं म्हणून शंभर वर्षांपूर्वी माणसं धडपडत होती.

खानदेशात, शहाद्याच्या आसपास तर याच्या उलट तऱ्हा. इथल्या तापीकाठच्या काळ्या जमिनींवर सालदार राबायचे, त्यातले बरेच भिल्ल. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं. वर्षाचं धान्य, थोडे पैसे, आणि बहुतेक वेळा आधीच घेतलेली उचल. सालदाराच्या हजेरीची वही नसायची. गरजच काय? तो पहाटे गोठ्यात असतो आणि रात्री जागलीवर असतो, हे गृहीतच. वहीत यायचा तो खाडा. आजारी पडला, खाडा. बायकोच्या माहेरी मयताला गेला, खाडा. मामा म्हणतो, त्याच्या लहानपणी शेजारच्या एका वाड्यात भिंतीवरच कोळशाने रेघा ओढलेल्या असत. एक रेघ एक खाडा. साल संपताना मालक त्या भिंतीसमोर उभं राहून हिशोब करायचा. वर्षभर राबलेल्या दिवसांची मात्र रेघ कुठल्याच भिंतीवर नाही.

१९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिथल्याच मातीतले आदिवासी नेते, त्यांच्याबरोबर बाहेरून आलेले काही तरुण कार्यकर्ते. लढा मुख्यतः गेलेल्या जमिनींचा, पण सालदारांच्या मोबदल्याचा आणि सुट्टीचा प्रश्नही त्यात आला. मला यात मुंबईच्या नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण होते. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी पुढे आणलं. मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पंधरा तारखेच्या आत. त्या काळी गिरणी सूर्याबरोबर सुरू व्हायची आणि सूर्याबरोबर बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही जास्त, पगार तोच. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. आपण रविवारी दहापर्यंत लोळतो त्याचं श्रेय त्या माणसाला आहे. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यही मालकांच्या बाजूने फितूर झाला. अंधार पडल्यावरही पट्टे फिरत राहिले.

घड्याळाचंही तसंच. इ. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराचा १९६७ मधला एक प्रसिद्ध निबंध आहे, कारखान्यांनी माणसांना घड्याळाची सवय कशी लावली त्यावर. त्यात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका गिरणी कामगाराची जुनी साक्ष येते. कारखान्यातलं घड्याळ सकाळी पुढे ढकललेलं असे आणि संध्याकाळी मागे. कामगाराने स्वतःचं घड्याळ आणलेलं मालकांना खपत नसे. पुढे १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी नावाच्या एका जवाहिऱ्याने हजेरीचं यंत्र काढलं. प्रत्येक कामगाराला वेगळी किल्ली, ती फिरवली की वेळ छापली जायची. त्याची कंपनी इतरांत विलीन होत होत शेवटी आयबीएम झाली! म्हणजे आमच्या अख्ख्या धंद्याचं मूळ खोदत गेलं तर तळाशी हजेरीचं यंत्र निघतं. हे कळल्यापासून टाइमशीटबद्दल थोडा आदर वाटायला लागलाय.

असो. मामाकडे वळतो.

१९७२ चा दुष्काळ. आमच्या घरात अजूनही ताटात भात टाकला की आई "बहात्तर साल पाह्यलं असतं तर..." अशी सुरुवात करते. राज्यभर दुष्काळी कामं निघाली होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या मे महिन्यात कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. एवढ्या माणसांची रोज हजेरी कोण घेणार? मॅट्रिक झालेली, रिकामी असलेली, अक्षर बरं असलेली पोरं. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा. अक्षर झकास.

इथे थोडं विषयांतर, पण आवश्यक. दुष्काळ यायच्या आधीपासून महाराष्ट्रात एक माणूस सांगत होता की काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी असली पाहिजे. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी याचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला बळ दिलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी पैसे कुठून आणायचे, तर शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला १९७५ मध्ये. अशा करांतून जेवढे जमतील तेवढेच सरकारने स्वतःचे घालायचे. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तो हाच कर. मी पंधरा-वीस वर्षं ती ओळ बघत आलोय आणि दर वेळी मनातल्या मनात सरकारला चार शब्द सुनावत आलोय. ती ओळ तोरणमाळच्या घाटातल्या मस्टरशी जोडलेली होती हे मला मामाच्या खाटेवर कळलं.

या योजनेतलं एक तत्त्व मला फार आवडतं. तास मोजायचे नाहीत, काम मोजायचं. किती माती काढली, किती खडी फोडली, त्याप्रमाणे दाम. बाईला आणि पुरुषाला एकच दर. आता एकेका माणसाची माती कोण वेगळी मोजत बसणार? म्हणून टोळीचं मोजमाप एकत्र. पंधरवड्याला टोळीने काढलेल्या खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली घ्यायची, ती मोजमाप पुस्तिकेत लिहायची, त्यावरून टोळीची एकूण मजुरी निघायची. आणि ती मजुरी वाटायची हजेरीप्रमाणे. ज्याचे बारा दिवस त्याला बारा वाटे, जिचे दहा तिला दहा.

म्हणजे वह्या दोन. मस्टर आणि मोजमाप. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी लबाडी या दोन वह्यांच्या मधल्या फटीत राहते.

मामाचं काम घाटाखालच्या एका रस्त्यावर होतं. सकाळी उजाडता उजाडता डोंगरातून माणसं उतरायची, पावरा आणि भिल्ल. कुणी रात्रीच निघालेली. नावं लिहिताना मामाची भंबेरी उडे, कारण एकाच नावाची चार-चार माणसं. मग नवऱ्याचं नाव, पाड्याचं नाव, तरी घोळ. शेवटी त्याने कोपऱ्यात स्वतःच्या खुणा करायला सुरुवात केली. कुणापुढे छोटी विळी, कुणापुढे झाड. सही कुणाला येत नव्हती. पंधरवड्याला शाईची डबी आणि रांगेने अंगठे.

"मी पहिली लबाडी केली ती झाडवालीसाठी," मामा म्हणाला. त्या बाईला दिवस भरलेले होते. कामावरून घरी गेली, बाळंत झाली, आणि तिसऱ्या दिवशी बाळ फडक्यात घेऊन परत खडीवर. दोन दिवसांचा खाडा पडत होता. मामाने दोन्ही दिवस हजर लिहिली. "पुस्तकाप्रमाणे ती चोरी. पण लिहिताना हात नाही कापला."

दुसरी गोष्ट सांगायच्या आधी तो बराच वेळ गप्प होता. गाडी राणीपूरच्या पुढे आली होती, घाट सुरू व्हायचा होता. पंधरवड्याच्या शेवटी त्याचं मस्टर वरून परत आलं, त्याच्याच सुंदर अक्षरात पुन्हा उतरवून द्यायला. सोबत अकरा नावांची चिठ्ठी. ती नावंही घाल. माणसं कुठली, कुणाची, विचारायचं नाही. मामाने उतरवलं. खाली सही केली. अकरा अंगठे कुणी उठवले हे त्याला ठाऊक होतं, पण ते मी इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे सरकारचे पैसे गेले."

"सरकारचे नाही रे," मामा म्हणाला. "तेच तर."

मला कळायला वेळ लागला. खड्डा तेवढाच होता. मोजमाप तेवढंच होतं. टोळीची एकूण मजुरी तेवढीच. वाटेकरी मात्र अकराने वाढले. म्हणजे ती अकरा भुतं सरकारच्या तिजोरीतून खात नव्हती, शेजारी बसून खडी फोडणाऱ्या बायकांच्या वाट्यातून खात होती. पगाराच्या दिवशी रोज कमी निघाला तेव्हा बायकांनी मामाला विचारलं. झाडवालीनेही विचारलं.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुमचं काम कमी भरलं."

बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. हे वाक्य बोलताना मामाने गाडीच्या खिडकीबाहेर तोंड केलं होतं. पुढचा पंधरवडा त्याने भरला, मग घरी कारण सांगून काम सोडलं आणि दुकानात बसायला लागला. आम्ही सगळे समजत होतो की त्याला दुकानदारीची हौस होती.

बोगस मस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते 'सरकारी पैशांची लूट'. बातम्याही तशाच येतात. मयत माणसाच्या नावावर हजेरी, परगावी गेलेल्याच्या नावावर हजेरी. आणि त्यावर उपाय सुचतो तो मजुरावर नजर ठेवण्याचा. पण मोजमापावर दाम असेल तेव्हा खोटं नाव घालून सरकारला लुटायचं तर दुसऱ्या वहीतही खड्डा खोल दाखवावा लागतो. तो मजुराच्या हातात नाही. त्याच्या हातात पहिली वहीसुद्धा नाही. आणि दुसरी वही नाही फुगवली, नुसती पहिलीच फुगवली, तर लुटला जातो तो मजूरच. वर त्यालाच ऐकवलं जातं की तू अंगचोर आहेस.

हे राजस्थानात काही माणसांच्या नेमकं लक्षात आलं. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मजदूर किसान शक्ती संघटना, स्थापना १ मे १९९०. तिथेही सरकारी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी पैसे हातात पडत होते आणि कारण तेच सांगितलं जात होतं, काम कमी भरलं. (किमान वेतनाखाली मजुरी देणं ही वेठबिगारीच, दुष्काळी काम असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राजस्थानच्याच एका प्रकरणात सांगून झालं होतं.) मग या मंडळींनी विचारलं, दाखवा बरं तुमचं मस्टर. उत्तर मिळालं, ते गोपनीय आहे. २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई झाली. गावासमोर मस्टर मोठ्याने वाचलं. एकेक नाव घ्यायचं आणि गावकऱ्यांनी सांगायचं, हा माणूस त्या कामावर होता का. बस, एवढंच. यंत्र नाही, अंगठा नाही. ज्यांनी शेजारी बसून खडी फोडली ते सांगतात की आमच्या शेजारी कोण होतं. यातूनच माहिती अधिकाराची मागणी वाढत गेली, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. आपल्याकडे अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, आणि २००५ मध्ये देशाचा. राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदाही २००५ चाच. हे दोन कायदे एका वर्षाचे आहेत हे मला आधी योगायोग वाटायचं.

राष्ट्रीय योजना फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. (हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. मामाच्या काळी सगळं धुळेच.) आणि भूत-मजुरांवरचा जालीम उपाय म्हणून ज्याचा गवगवा झाला ते आधारही सुरू झालं ते इथेच. २९ सप्टेंबर २०१० ला, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. शहाद्याहून मोटारसायकलने जाऊन येण्यासारखं गाव. १९७३ मध्ये ज्या भागात अंगठे कुणीही उठवत होतं, त्याच भागात देशातला पहिला नोंदवलेला अंगठा. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मी गेलो होतो तिथे, गर्दी बघायला."

तर तोरणमाळ. सात पायरीचा घाट चढताना मामा गप्प, मी मोबाईल बघतोय, रेंजच्या काड्या एकेक करत गेल्या आणि शेवटी फुलीच आली. सकाळी साडेसातच्या सुमारास एका उतारावर पंधरावीस माणसं सलग समतल चर खोदताना दिसली. बायकाच जास्त. ऊन अजून तापायचं होतं, हात झपाझप चालले होते. मामाने गाडी थांबवायला लावली नाही, नुसता मान वळवून बघत राहिला.

वर यशवंत तलाव पाहिला, सीताखाई पाहिली. मे महिन्यात ती कोरडीच. साडेअकराशे मीटरची उंची, हवा झकास. गोरखनाथाच्या देवळात मामाने बराच वेळ काढला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा असते. आत्ता चिटपाखरू नव्हतं. तोरणमाळबद्दल एक वेगळी पोस्ट लिहायला हवी, फोटोंसकट. पण आज नाही.

उतरताना दीड वाजला. ती माणसं एका मोहाच्या झाडाखाली बसलेली. काही आडवी झालेली. चर खोदून संपलेला, कुदळी एका बाजूला नीट ठेवलेल्या. मामाने या वेळी गाडी थांबवायला लावली.

"काम झालं?"

"दहालाच झालं."

"मग घरी का नाही जात?"

"दुसरा फोटू बाकी शे."

हा फोटो म्हणजे काय ते सांगतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये रोजगार हमीच्या हजेरीसाठी एक मोबाईल ॲप आणलं. मे २०२२ पासून वीस किंवा जास्त मजुरांच्या कामांवर सक्तीचं, आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्याच कामांवर. मेटने दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, सकाळी एक आणि काही तासांनी दुसरा. जागेच्या अक्षांश-रेखांशासह तो वर चढवायचा. दुसरा फोटो नाही तर दिवस नाही. हेतू चांगला, भुतांचा फोटो येत नाही! पण जरा विचार करा. योजना म्हणत होती, तास नको, काम मोजू. म्हणून बायका उजाडता येऊन ऊन चढायच्या आत चर खोदून मोकळ्या होत होत्या. घरी लेकरं, गुरं, पाणी. ॲपने त्यांना पुन्हा घड्याळाला बांधलं. खोदलेला चर समोर दिसतोय, तरी बाई तिथे दुपारपर्यंत बसलेली दिसली पाहिजे. लोखंड्यांच्या काळी सूर्याने मोजायचे, आता दोन फोटोंनी.

मेट तरुण पोरगा होता, बोलायला चांगला. इथे रेंज नाही, फोटो काढून ठेवतो, खाली गेलो की चढवतो म्हणाला. मामाने त्याला विचारलं, "मस्टर बघू."

"मोबाईलात आहे आजोबा." त्याने दाखवलं. बारीक अक्षरं, मामाने चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"आणि मोजमाप?"

"ते साहेबांकडे. ते येऊन घेतात."

"यांना वाचून दाखवतात?"

पोरगा हसला. उत्तर दिलं नाही, आणि त्याला कशाला अडचणीत आणा. मामाने त्या बायकांकडे एकदा पाहिलं, खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून सगळ्यात म्हातारीला दिली आणि गाडीत येऊन बसला. मी काही विचारलं नाही.

आम्ही परत आल्यावर दोन महिन्यांनी, ८ जुलै २०२५ ला, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने याच ॲपच्या गैरवापराबद्दल सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. त्यात नोंदवलेले प्रकार वाचून मला हसू आवरेना. भलतेच फोटो चढवलेले. फोटोवरूनच फोटो काढलेला. मस्टरवर बायका आणि फोटोत पुरुष. तीच माणसं अनेक मस्टरवर. म्हणजे अकरा नावांची चिठ्ठी बावन्न वर्षांनीही जिवंत, फक्त तिला आता कॅमेरा मिळालाय. उपाय म्हणून सांगितलं काय, तर फोटो आणखी बारकाईने तपासा. म्हणजे कॅमेरा पुन्हा पहिल्या वहीकडेच. दुसरी वही, मोजमापाची, ती गावासमोर वाचा असं काही मला त्यातून उमगलं नाही. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, शंभराचे एकशे पंचवीस दिवस केले. त्यावर भांडणं बरीच झाली, ती मुख्यतः पैसे कुणी किती द्यायचे यावर.

आमच्याकडेही कॅमेरे आलेत, बरं का. घरून काम करणाऱ्यांचा माउस हलतोय की नाही हे बघणारी सॉफ्टवेअरं निघाली, मग आपोआप माउस हलवणारी यंत्रं निघाली. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त माणसांना काढलं, कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केला म्हणून. बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस हाच विषय. कुणी म्हणे चोर, कुणी म्हणे शाब्बास. त्या माणसांनी त्या दिवशीचं काम केलं होतं की नव्हतं, हे मला कुठल्या बातमीत सापडलं नाही. बहुधा कुणी विचारलंच नसावं.

परवाचा शुक्रवार. पाच वाजले. आठवडा वाईट गेला होता, दोन रात्री जागरण. टाइमशीट उघडलं आणि बुधवारच्या चौकटीत तेरा लिहिले. चौकट लाल झाली. आठपेक्षा मोठा आकडा ती घेतच नाही. पूर्वी निदान बोलावून समजावायचे तरी!

रात्री मामाचा फोन आला, दर शुक्रवारी करतो हल्ली. मस्करी म्हणून.

"किती लिहिले?"

"चाळीस."

"खाडा नाही ना पडला?"

"नाही."

"झाडवालीचा नातू दुकानात आला होता आज," मामा म्हणाला. "उधारीवर साबण घेऊन गेला. मी वहीत लिहिलं नाही."